हातशिलाईची गोधडी: कापडापासून किमतीपर्यंत

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि ते आरपार धावदोऱ्याने शिवायचे, एवढ्या साध्या कृतीतून गोधडी तयार होते. महाराष्ट्रात ती पिढ्यान्‌पिढ्या घरोघर शिवली गेली. काही भागांत तिला वाकळ म्हणतात, आणि बाळासाठी शिवलेली लहान गोधडी म्हणजे दुपटे. रजईची ऊब आत भरलेल्या कापसाची असते. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची आणि ते थर जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या टाक्यांची असते. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-राजस्थानातली रल्ली आणि कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी या सगळ्या याच जातकुळीतल्या. पद्धती आणि नक्षी निराळी, पण जुने कापड वाया जाऊ न देण्याची दृष्टी एकच.

पूर्वी गोधडी विकण्यासाठी शिवली जात नसे. शेतीची कामे उरकली की घरातल्या आणि शेजारच्या बायका अंगणात किंवा ओसरीवर बसून ती शिवत. ज्या घरात हात अपुरे, तिथे मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका येत. आता शहरात तिला मागणी आहे आणि अनेक महिला बचत गटांनी हे काम हाती घेतले आहे. नवा गट बहुतेक वेळा सगळा भर रंगसंगतीवर आणि ठिगळांच्या नक्षीवर देतो. नक्षीमुळे गिऱ्हाईक थांबते हे खरे, पण गोधडीचे आयुष्य आणि तिची रास्त किंमत या दोन्ही गोष्टी टाक्यावर ठरतात. म्हणून गटाने आधी टाका मोजायला शिकावे, मग बाकीचे.

कापडाची निवड

गोधडीसाठी सुती कापडच घ्यावे. कृत्रिम धाग्याच्या साड्या फुकट मिळतात, रंगही झगझगीत असतो, म्हणून त्या वापरण्याचा मोह होतो. पण त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात, घाम शोषत नाहीत, आणि ठिणगी पडली तर ते कापड वितळून अंगाला चिकटते. कापड सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर कडेचे दोनचार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख उरते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. असे कापड बाजूला ठेवावे.

जुनेपणाचीही परीक्षा करावी लागते. कापड उजेडासमोर धरले की विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर धागे सरकून फट पडत असेल, तर ते वरच्या किंवा खालच्या थराला घेऊ नये. आतल्या थरांना मात्र ते उत्तम. मऊ, विरविरीत कापड आत आणि दणकट कापड बाहेर, ही विभागणी पाळली तर गोधडी अंगाला हलकी लागते आणि वर्षानुवर्षे फाटत नाही. ठरलेल्या जागीच फाटलेल्या साड्या, म्हणजे मांडीवर आणि निऱ्यांच्या टोकाला झिजलेल्या, फेकायच्या नसतात. झिजलेला भाग कापून उरलेले कापड घेता येते. जरीचे काठ उसवून काढावेत. जर सुईला अडते, धुण्यात काळी पडते आणि झोपलेल्या माणसाला टोचते.

शिवण्याआधी प्रत्येक कापड धुतलेच पाहिजे, मग ते कितीही स्वच्छ दिसो. विशेषतः नवे कापड मिसळायचे असेल तर ते भिजवून, खळ काढून, वाळवून घ्यावे. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही. दोन्ही एकत्र शिवली तर गोधडी पहिल्यांदा धुतल्यावर चुण्या पडून आखडते आणि त्यावर काही इलाज नसतो. रंग जातो का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड जोरात घासावे. लाल, मरून आणि गडद निळ्या रंगांच्या बाबतीत ही परीक्षा कधीच टाळू नये. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगितले जाते, पण एकदा कच्चा रंगवलेला कपडा त्याने पक्का होत नाही. रंग सोडणारे कापड गोधडीत घेऊच नये.

कापड किती लागेल याचा अंदाज साडीवरूनच घेतात. नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर लांब आणि साधारण सव्वा वार रुंद असते. तिचे लांबीत चार समान भाग केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरच्या आसपास येतो. म्हणजे एका नऊवारीत एका माणसाच्या गोधडीचे चार थर बसतात. सहावारीतून तेवढ्याच मापाचे दोन थर निघतात आणि सव्वा-दीड मीटर उरते. ते काठाला आणि ठिगळांना कामी येते. हलक्या गोधडीला तीन-चार थर पुरतात, थंडीसाठी पाच-सहा. त्याहून जास्त थर घेतले तर सुई आरपार काढताना बोटे सोलवटतात आणि मागच्या बाजूचे टाके वेडेवाकडे पडतात.

गिऱ्हाईक जेव्हा आपल्या आईच्या किंवा आजीच्या साड्या घेऊन येते, तेव्हा जबाबदारी फार वाढते. गोधडीच्या धंद्यातले हे सर्वांत मोलाचे काम आहे आणि निष्काळजीपणाला इथे जागाच नाही. साड्या हातात घेतानाच गिऱ्हाइकासमोर त्या मोजाव्यात, प्रत्येकीचा फोटो काढावा, कुठे फाटले आहे, कुठे डाग आहे ते वहीत लिहावे. कोणता पदर वर दिसायला हवा, कोणती साडी कापायची नाही, हे विचारून त्यावर सही घ्यावी. उरलेली कातरण, अगदी चिंध्यासुद्धा, एका पिशवीत घालून परत द्यावी. अशा साड्यांमध्ये रेशमी किंवा मिश्र धाग्याची एखादी निघाली तर ती पूर्ण थर म्हणून न घालता वरच्या बाजूला ठिगळ म्हणून बसवावी. आठवणही राहते आणि गोधडीही बिघडत नाही.

मांडणी

बिघडलेल्या गोधडीचे मूळ बहुधा मांडणीत सापडते. जागा सपाट आणि गोधडीपेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठी हवी. आधी खालचा थर उलटा अंथरतात, चारही कोपऱ्यांवर वीट किंवा वरवंटा ठेवतात आणि हाताच्या तळव्याने मधून कडेकडे सारत चुणी काढतात. कापड ताणून बसवायचे नसते. ताणलेले कापड शिवून झाल्यावर पुन्हा आपल्या मापाला येते आणि वरच्या थराला सुरकुत्या पडतात. प्रत्येक थर त्याच पद्धतीने टाकावा. आतल्या थरांत तुकडे जोडायचे असतील तर त्यांच्या कडा एकमेकांवर चढवू नयेत, नुसत्या भिडवाव्यात. चढवलेल्या जागी गाठीसारखी जाडी येते आणि ती अंगाखाली बोचते. एका थरातला जोड दुसऱ्या थरातल्या जोडाच्या बरोबर वर येणार नाही, हेही पाहावे.

सगळे थर बसले की कच्चा टाका घालतात. हे काम अनुभवी हातांनीच करावे, घाईत कुणावर तरी सोपवू नये. वीतभर अंतराने लांब लांब टाके घालायचे, सुरुवात मध्यापासून आणि शेवट कडेला. यामागे कारण आहे. गोधडी अनेक ठिकाणी बाहेरून आत, चौकोनात चौकोन अशी शिवत नेतात. कच्चा टाका नसेल तर जादा कापड प्रत्येक फेऱ्यागणिक थोडे थोडे आत ढकलले जाते आणि मध्यावर फुगवटा येतो. तो नंतर उसवल्याशिवाय जात नाही. मधून कडेकडे टाचलेल्या गोधडीत तो येतच नाही.

टाका

सूत सुतीच असावे, शक्यतो जाड आणि दोन पदरी पीळ असलेले. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून चांगला, असा समज आहे. पण दोरा कापडापेक्षा दणकट असला की ताण पडल्यावर दोरा राहतो आणि जुने कापड कापले जाते. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतो. कापड गेले तर ठिगळ लावावे लागते. दोरा मेणावरून एकदा ओढून घेतला की गुंता होत नाही. सुईत हातभराहून लांब दोरा ओवू नये, कारण जितका लांब दोरा तितका तो कापडातून जास्त वेळा ओढला जातो आणि शेवटच्या भागात विरतो. गाठ थरांच्या आत लपवावी. मधल्या बोटात अंगुस्तान घातल्याशिवाय दिवसभर काम करणे हातावर अन्याय आहे. सवय नसलेल्या बायका सुरुवातीला ते टाळतात, गटाने मात्र आग्रह धरावा.

गोधडीचा टाका म्हणजे धावदोरा. वर दिसणारा टाका आणि खाली जाणारा टाका सारख्या लांबीचा असावा. इंचाला वरून तीन टाके पडले तर ते काम नेटके मानावे, दोन चालतात, एकच पडत असेल तर ती गोधडी विकू नये. लांब टाक्यात बोटे आणि पैंजण अडकतात. दोन ओळींमधले अंतर अर्धा इंच असेल तर थर घट्ट बसतात आणि गोधडीला तिची ओळखीची लहरदार बारीक सुरकुती येते. एक इंचाचे अंतर ठेवले की काम निम्मे होते, गोधडी फुललेली आणि मऊ राहते, पण आतला विरलेला थर धुण्यात लवकर गोळा होतो. दीड इंचापलीकडे जाऊ नये.

दोरा ओढण्यातही समज लागते. फार ओढला की कापडाला चुण्या पडतात आणि गोधडी मापाने लहान होते. सैल सोडला की टाका लोंबतो. ओळीतले चार-पाच टाके सुईवर एकदम भरून सुई बाहेर काढावी आणि अंगठ्याने त्या ओळीवरून एकदा दाबत न्यावे. जादा ताण तिथेच निघून जातो. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. एक घट्ट शिवणारी आणि एक सैल शिवणारी अशा दोघी एकाच गोधडीवर समोरासमोर बसल्या तर एक बाजू आखडते आणि गोधडी तिरकी होते. म्हणून सारख्या हाताच्या जोड्या लावाव्यात आणि जोडी शक्यतो मोडू नये. नव्या सदस्येला आधी दुपट्यावर बसवावे. माप लहान, थर कमी, चूक दिसते आणि सुधारताही येते.

दुपट्यावर मणी, आरसे, टिकल्या किंवा बटणे लावू नयेत. बाळ ती तोंडात घालते. दुपटे अंथरण्यासाठी आहे. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडापर्यंत ते पांघरू नये, हे विकताना आवर्जून सांगावे.

कडेचे काम शेवटी. खालचा थर चारही बाजूंनी दोन इंच मोठा ठेवलेला असेल तर तोच वर दुमडून काठ करता येतो. नाहीतर वेगळी पट्टी लावावी लागते. गोधडी सर्वांत आधी कडेला फाटते, कारण तिथेच ती धरली, ओढली आणि झटकली जाते. म्हणून काठाला नवे, दाट विणीचे कापड घेणे शहाणपणाचे. काठाला दोन ओळी टाके हवेतच. कोपऱ्यावर दुमड आडवी-उभी एकमेकींत बसवून तिरक्या रेषेत शिवली की कोपरा टोकदार आणि सपाट येतो.

मोजमाप आणि मोल

हातशिलाईची किंमत डोळ्यांच्या अंदाजाने ठरवली जाते आणि तिथेच बायकांचे श्रम बुडतात. हिशेब अवघड नाही. चार फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी अर्ध्या इंचाच्या अंतराने शिवली तर 96 ओळी येतात. प्रत्येक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण 672 फूट, सुमारे 205 मीटर शिलाई. ओळी सरळ घातल्या काय किंवा चौकोनात फिरवल्या काय, एकूण लांबी जवळपास तेवढीच भरते. इंचाला तीन टाके धरले तर हे चोवीस हजारांहून अधिक टाके झाले. ही संख्या गिऱ्हाइकाला सांगावी, पावतीवर लिहावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. थरांच्या जाडीमुळे दोरा शिलाईच्या लांबीपेक्षा जास्त लागतो. गाठी आणि उरलेली टोके धरून अशा गोधडीला सुमारे 300 मीटर दोऱ्याची तयारी ठेवावी.

आता गटातल्या तीन-चार सदस्यांनी घड्याळ लावून एक तास शिवावे आणि किती मीटर झाले ते मोजावे. सर्वांत जलद हाताचा आकडा धरू नये, मधला धरावा. समजा तो तासाला पाच मीटर आला, तर 205 मीटरला 41 तास लागतात. गटाने तासाला 60 रुपये मजुरी ठरवली असेल तर नुसत्या शिलाईचे 2,460 रुपये होतात. हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपले आकडे स्वतः काढावेत. यात कापड धुणे, बेतणे, अंथरणे, कच्चा टाका आणि काठ यांचे तास वेगळे मिळवायचे. मग दोरा, काठाचे नवे कापड, साबण, वाहतूक, प्रदर्शनातल्या गाळ्याचे भाडे आणि गटाच्या निधीचा वाटा. जुने कापड फुकट मिळाले तरी त्याची निवड आणि धुलाई फुकट होत नाही.

याच हिशेबातून दुसरी वाट सापडते. एक इंचाच्या अंतराने शिवलेल्या गोधडीला शिलाई निम्मी, म्हणून मजुरीही निम्मी. एवढी किंमत परवडत नाही असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला गटाने मोठ्या अंतराची किंवा लहान मापाची गोधडी दाखवावी. बारीक कामाचा भाव मात्र पाडू नये. भाव एकदा पाडला की तो सगळ्या परिसरातल्या गटांसाठी पडतो आणि पुढच्या हंगामात त्याच बायकांना त्याच भावात रात्रीचा दिवस करावा लागतो.

मशीनवर शिवलेली गोधडी विकण्यात गैर काही नाही, पण ती हातशिलाईची म्हणून विकणे ही फसवणूक आहे. फरक ओळखायला सोपा आहे. मशीनची टीप दोन्ही बाजूंनी सलग दिसते, टाक्यांत मोकळी जागा नसते. धावदोऱ्यात टाका आणि रिकामी जागा आळीपाळीने येतात. गटाने आपल्या मालावर एक कापडी चिठ्ठी शिवावी. थर किती, कापड कोणते, जुने की नवे, हातशिलाई की मशीन, आणि गटाचे नाव, एवढे त्यावर पुरे.

गटाची बांधणी

बचत गटात साधारण दहा ते वीस सदस्य असतात. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री पाळणाऱ्या गटाला बँकेचे कर्ज मिळणे सोपे जाते. राज्यात 1975 पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि ग्रामीण भागात उमेद अभियान यांच्याकडून प्रशिक्षणाची आणि प्रदर्शनांची माहिती मिळते. मुंबईचे महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा ही अशा मालाची ठाऊक असलेली ठिकाणे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाकडून कारागिरांना पहचान हे ओळखपत्र मिळते. ते गटाच्या नव्हे, शिवणारीच्या स्वतःच्या नावाने असते, म्हणून प्रत्येक सदस्येने त्यासाठी अर्ज करावा. काम वाढून अनेक गट एकत्र आले तर उत्पादक कंपनीचा विचार करता येतो. सभासद व्यक्ती असतील तर तिला किमान दहा उत्पादक लागतात.

प्रत्येक गोधडीसोबत एक कागद फिरवावा. गोधडी कोणी बेतली, कोणी टाचली, कोणी किती मीटर शिवले, याची त्यावर नोंद राहते. पैसे वाटताना त्या कागदामुळे भांडण होत नाही.

धुणे, ठेवणे, दुरुस्ती

विकताना निगराणीच्या सूचना तोंडी सांगून भागत नाही, छापून द्याव्यात. गोधडी वारंवार धुण्याची गरज नसते. आठवड्यातून एकदा उन्हात दोन्ही बाजूंनी टाकली की पुष्कळ होते. धुताना साधा साबण, थंड पाणी, ब्लीच अजिबात नाही. ओली गोधडी फार जड होते, म्हणून ती पिळू नये आणि एका दोरीवर टांगू नये. स्वतःच्या वजनाने टाके तुटतात. दोन-तीन दोऱ्यांवर पसरून टाकावी किंवा बाजेवर वाळवावी. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आत दमट राहून बुरशी धरते. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून, आत सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवून, कपाटात वरच्या बाजूला ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी घडी बदलावी, कारण नेहमी एकाच रेषेत घडी पडली की कापड तिथेच चिरते.

फाटलेल्या गोधडीला गटाने दुरुस्ती द्यावी; एकदा आलेले गिऱ्हाईक त्यामुळेच पुन्हा येते. लहान फाटीवर चारही बाजूंनी इंचभर मोठे ठिगळ आत दुमडून बसवतात आणि त्यावरून मूळ ओळींच्या रेषेतच टाके नेतात, म्हणजे ते थरांशी एकजीव होते. वरचा सगळा थर विरला असेल तर तो काढायचा नसतो. त्यावर धुतलेले दणकट कापड अंथरून, पुन्हा मधून कडेकडे कच्चा टाका घालून, नव्याने शिवतात. जुना थर आतला थर बनतो आणि गोधडी आणखी ऊबदार होते. मात्र थर आधीच सहाच्या पुढे असतील तर पूर्ण नवा थर न चढवता फाटलेल्या भागापुरतेच ठिगळ लावावे. दुरुस्तीला आलेली गोधडी धुऊन, वाळवूनच कामाला घ्यावी, आणि तिची मजुरीही नव्या गोधडीप्रमाणे शिलाईच्या मीटरवर आकारावी.